पंपात ठेवलेलं औषध

शेतकी खात्यात असताना मी दोन जातींची औषधं वाटली. एक किडी मारणारी, दुसरी तण मारणारी. पहिलीबद्दल कोणाला कधी शंका आली नाही. विष ते विष, अळी खाते आणि मरते. दुसरीबद्दल मात्र प्रत्येक सभेत हमखास कोणीतरी उठायचा. "साहेब, गवताले तोंड नाई, पोट नाई. मंग ते औषध खाते कुठून अन् मरते कसं?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. त्याचं खरं उत्तर मला नोकरीत असेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तोवर त्या उत्तराचा कोणाला काही उपयोग उरला नव्हता. दिवाळी अंकात लोक गोडधोड आठवणी लिहितात. माझ्याजवळ दिवाळीची म्हणावी अशी एकच आठवण आहे, एका भाऊबीजेची, आणि ती गोड नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे फराळ करता करता वाचणाऱ्याची फसगत व्हायची नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि पंचायत समित्या त्याहून नव्या. मी खामगावात वाढलेला, जिनिंगच्या भोंग्यावर उठणारा पोरगा. शेतकीची पदविका घेतली आणि चिखली तालुक्यात लागलो. उंद्रीच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. सायकल, खाकी पिशवी आणि पिशवीत औषधांच्या बाटल्या. लोक मला साहेब म्हणत. मी पंचविशीचाही नव्हतो, पण साहेब म्हटलेलं कोणाला कडू लागतं?

ज्वारीच्या शेतात टारफुला नावाचं एक तण येतं. दिसायला गोजिरवाणं, बारीक फुलांचं. पण त्याची मुळं जमिनीखाली ज्वारीच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि फुकट जेवतात. वर ज्वारी हिरवी दिसते आणि कणसात दाणा भरत नाही. त्या टारफुल्यासाठी खात्यानं एक औषध आणलं होतं. ते ज्वारीवर मारलं तरी ज्वारीला काही होत नसे आणि रुंद पानांचं तण मात्र पिळवटून मरे. लोकांना ती जादूच वाटली. साहेब लोकांनी आम्हाला शिबिरात एवढंच सांगितलं होतं की हे विष नव्हे, झाडाच्या अंगात वाढीचा जो रस असतो त्याची ही कारखान्यात केलेली नक्कल आहे.

मी नवखा, ज्ञान उतू चाललेलं. सुट्टीत पंधरवडाभर पिंपळगाव राजा या गावी पाहुणा म्हणून राहिलो होतो, तिथल्या पारावरही हे सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की एका गृहस्थानं ओळखीत कोणाकडून तरी ते औषध मिळवलं आणि आपल्या तोंडल्याच्या वेलाला पाजलं. वाढीचा रस आहे म्हटल्यावर वेल वाढायलाच हवा! दुसऱ्या दिवशी सकाळी गडी मला बोलवायला आला, छाती पुढे काढून. "साहेब, एका रातीत वेलानं मान वर केली, चाला पाहाले!" खरंच वेलाचे शेंडे बोकडाच्या शिंगांसारखे वळून वर आले होते. देठ सुजले होते, पानं उलटी झाली होती. गडी खुशीत, मी शेंडे चाचपत. आठवडाभरात वेल काळा पडला आणि तो गृहस्थ मला रस्त्यात पाहून वाट बदलू लागला. त्या दिवसापासून मी सभांमधून वाढीच्या रसाचं नाव घेणं सोडून दिलं. नुसतं औषध म्हणायचं, ज्वारीवर मारायचं, कपाशीपासून लांब ठेवायचं, बस.

कपाशीपासून लांब, हे मात्र मी घसा फोडून सांगत असे. कारण कपाशी या औषधाला फार हळवी. नुसता उडता तुषार लागला तरी तिचं रूप बदलतं.

उंद्रीजवळच्या एका गावात गणपतभाऊ नावाचा शेतकरी होता. चाळिशीतला, मजबूत, मोठ्यानं हसणारा. त्याच्याकडे गावातला एकुलता एक फवारणीचा पंप होता, पाठीवर घ्यायचा, पितळी टाकीचा. ती टाकी त्याची बायको घागरीसारखी चिंच लावून घासायची. तो पंप सगळ्या गावाला मोकळा होता. गणपतभाऊची एकच अट असे. पंपाच्या दट्ट्याला चामड्याचं वायसर होतं, ते कोरडं पडलं की चिरायचं आणि मग पंपात दाब धरत नसे. म्हणून तो सांगायचा, पंप परत कराल तेव्हा आत दोन लोटे पाणी राहू द्या.

त्याच्या शेताला लागून कौसाबाईचं शेत. कौसाबाई ऐन तारुण्यात विधवा झालेली, पोरबाळ नाही. दिरांनी दिलेला तुकडा स्वतः वाहून ज्वारी काढायची. सडसडीत बाई, बोलणं कमी, हात सतत कामात. मी तिला मावशी म्हणायचो. गणपतभाऊला सख्खी बहीण नव्हती आणि तिला भाऊ नव्हता, म्हणून गणपतभाऊनं तिला बहीण मानलं होतं. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची आणि तो तिला लुगडं घ्यायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना हे खपत नसे. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं ओवाळू नये, भावाच्या घराची बरकत जाते, असं त्या तोंडावर बोलायच्या. गणपतभाऊ त्यांना म्हणायचा, "ओवाळाले कपाळ नाई लागत वं माय, हात लागते. अन् हिच्या हातासारखा हात गावात दाखवा मले." कौसाबाई तेव्हा मान खाली घालून निरांजनाची वात सारखी करत असे. वर्षातून तो एक दिवस तिला कोणी शुभ समजत होतं.

टारफुल्याच्या औषधाचं प्रात्यक्षिक मी तिच्याच शेतात घेतलं. निम्मं शेत मी माझ्यासमोर फवारून घेतलं. परिणाम चांगला दिसला, तेव्हा राहिलेल्या निम्म्यासाठी समितीकडून तिला औषध मिळालं. तिनं गणपतभाऊचा पंप आणला आणि शेत फवारलं. टारफुला पिळवटून मेला, ज्वारी मोकळी झाली. त्या वर्षी तिच्या कणसात दाणा भरला.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं यातच आहे.

आपल्याकडे मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी परत जाते ती मूठभर दाणे, गुळाचा खडा, नाही तर लिंबाची फोड घेऊन. माझा जेवणाचा पितळी डबा कधी कौसाबाईकडे राहिला तर तो तिळाच्या चटणीनं भरून यायचा. तिच्या लेखी पंपही पितळेचं भांडंच होतं. तेही भावाचं. फवारणी आटोपल्यावर तिनं पंप बाहेरून राखेनं लख्ख घासला, आणि उरलेलं औषध, फुकट न घालवता, टाकीत ओतून ठेवलं. कपाशीवर मारायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गणपतभाऊच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तण माजलं होतं, त्याला ते कामी येईल असं तिच्या मनात होतं. पंप घेऊन ती त्याच्या शेतातल्या खोपीत गेली. तो खामगावच्या बाजाराला गेला होता. पंप खुंटीला अडकवून ती घरी आली, उद्या सांगू म्हणून. आणि उद्या तिला हिवताप भरला. अंथरुणातून उठेपर्यंत ती गोष्ट डोक्यातून पार निघून गेली.

गणपतभाऊनं पंप उचलला. आत डुचमळलं. शहाणी बाई, वायसरासाठी पाणी ठेवलं, असं म्हणत त्यानं त्यातच बोंडअळीचं औषध टाकलं, वरून पाणी भरलं आणि सगळी कपाशी फवारली. बोंडअळीच्या औषधाचा वास असा उग्र असायचा की त्याखाली दुसरा वास कोणालाच आला नसता.

मी गेलो तोवर कपाशीची नवी पानं फुटली होती. पान पाहून रोग ओळखण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती, आणि त्या दिवशी ती खरी ठरली नसती तर बरं झालं असतं. कपाशीचं पान हाताच्या पंजाएवढं रुंद असतं. ही पानं कोंबडीच्या पायासारखी झाली होती. चिंचोळी, शिरा एकमेकींना चिकटून उभ्या, कडा झिरमिळ्या झालेल्या. शेंडे वाकडे. पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, झाडाखाली गळून पडलेल्या. एकाही पानाला भोक नाही, डाग नाही, कीड नाही. झाडं जिवंत होती आणि स्वतःच्या हातानं स्वतःला वेडंविद्रं करत होती.

सभांमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर इथेच सांगतो. माझी पुतणी पुण्यात वनस्पतींच्या जनुकांवर काम करते. तिनं मला म्हातारपणी समजावलं ते असं. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी असते. पान केवढं करायचं, देठ किती लांबवायचा, सगळं तीत लिहिलेलं. पोथी आपणहून बोलत नाही. ती वाचायला पेशीत काही प्रथिनं असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. वाढीच्या अध्यायावर असा एक वाचणारा कायम बसलेला असतो, पण त्याच्या तोंडावर दुसऱ्या प्रथिनानं हात ठेवलेला असतो. वाढीचा रस आला की तो हात निघतो आणि वाचणारा वाचू लागतो. काम झालं की झाड तो रस जिरवून टाकतं, तोंडावर नवा हात येतो, वाचन थांबतं. आमचं औषध त्या रसाची नक्कल. ज्वारी ती नक्कल लवकर निकामी करते. कपाशीला ती जिरवता येत नाही. मग तोंडावर हात टिकतच नाही, वाचणारा वाचतच राहतो, आणि झाड ऐकतच राहतं. वाढ म्हटलं की वाढतं, वळ म्हटलं की वळतं. ते विषानं मरत नाही. आज्ञा पाळून मरतं.

गणपतभाऊची गोष्ट मी पुतणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "काका, किती सुरेख उदाहरण आहे हे!" तिचा दोष नाही. तिनं कौसाबाईला पाहिलेलं नाही.

त्या दिवशी शेतात मी हे काहीच सांगू शकलो नाही. गणपतभाऊचा संशय वेगळ्याच माणसावर होता. त्याच्या धाकट्या भावाशी, महादेवशी, त्याचं धुऱ्यावरून भांडण होतं. "त्यानंच काहीतरी टाकलं," तो म्हणाला. "आज मी त्याले सोडत नाई." हातात कुऱ्हाड होती. मग मी बोललो. पंप मागवला, झाकण उघडलं. बोंडअळीच्या औषधाचा उग्र वास एव्हाना उडाला होता, तळाशी टारफुल्याच्या औषधाचा तेवढा उरला होता. तो मी घेतला, त्याला घ्यायला लावला. विचारलं, आधी पंप कोणाकडे होता? तो म्हणाला, कौसाबाईकडे. आणि म्हणता म्हणताच त्याला उमगलं.

कुऱ्हाड खाली ठेवून तो धुऱ्यावर बसला. म्हणाला, "रिकामं कसं द्यावं म्हणून ठेवलं असन तिनं."

"हो," मी म्हटलं.

"साहेब, झाड सुधरन का?"

"पाणी असतं तर खालून फूट आली असती." त्याच्या शेताला विहीर नव्हती आणि पाऊस ओढ देत होता.

"मंग जाऊ द्या. कापूस काय, पुढच्या सालीही येते. पन तिले सांगू नका. ती बाई मरन."

मी शब्द दिला आणि पाळलासुद्धा. शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून त्या गावात नाव निघालं नाही. पण जिल्ह्याच्या साहेबांना मला घडलं ते कळवावंच लागलं, कारण त्याच औषधाच्या बाटल्या आणखी गावांना जायच्या होत्या. नाव न घेता कळवलं. मागून आणलेला पंप, आत ठेवलेलं औषध, एवढंच. साहेब माणूस चांगला होता, देशावरचा, शुद्ध बोलणारा. ते म्हणाले, "अहो, हे सगळ्या गावांत सांगायला हवं. आणि सुरुवात तिथूनच करू."

"तिथे नको, साहेब," मी म्हटलं.

"का? जिथे चूक झाली तिथेच लोक लक्ष देऊन ऐकतील." बोलणं खरंच होतं.

सभा चावडीपुढे झाली. एरवी बाया अशा सभांना फिरकत नसत. पण त्या दिवशी महिला मंडळाला समितीकडून शिलाई मशीन मिळायचं होतं, म्हणून बायाही जमल्या होत्या. साहेबांनी येता येता गणपतभाऊच्या शेतातलं एक झाड उपटून आणलं होतं. ते हातात उंच धरून ते म्हणाले, "हे पाहा. कोणा भल्या माणसानं पंपात तण मारायचं औषध तसंच ठेवलं, त्याचा हा प्रसाद. पंप तीन पाण्यांनी धुवायचा. थेंब ठेवायचा नाही. पंप म्हणजे काही शेजारणीची वाटी नव्हे, आत काहीतरी घालून परत करायला!"

लोक हसले. मी बायांकडे पाहिलं. कौसाबाई मागे खांबाला टेकून उभी होती. तिनं झाड पाहिलं, मग गणपतभाऊकडे पाहिलं. गणपतभाऊनं मान वळवली, आणि तिथेच सगळं बोलून झालं. ती हळूच खाली बसली, पदर तोंडाला लावून. मशीन मिळाल्याच्या टाळ्या वाजल्या तेव्हा ती तिथे नव्हती.

गाव काही खुळं नसतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं समजलं होतं. आणि म्हाताऱ्यांना तर समजण्यापलीकडचं समजलं. आम्ही म्हणतच होतो, पांढऱ्या कपाळाचा हात लागला, बरकत गेली. आता तर खुद्द सरकारी साहेबांनी चावडीवर दाखवून दिलं. मी घरोघर जाऊन सांगितलं की हा औषधाचा गुण आहे, हाताचा नव्हे. लोकांनी मला चहा पाजला, "हाव साहेब, हाव," म्हणून मान डोलावली, आणि मी गेल्यावर तेच बोलले. नोकरीत मी शेकड्यांनी व्याख्यानं दिली असतील. त्यातलं नेमकं एकच लोकांच्या काळजापर्यंत पोचलं, आणि ते असं पोचलं.

भाऊबीजेला गणपतभाऊ वाट पाहत बसला. पाट मांडला होता, लुगडं आणलं होतं. कापूस उशा भरण्यापुरता आला असतानाही आणलं होतं. दुपार टळली तरी कौसाबाई आली नाही. मी शब्द पाळला होता, तरी मला घरी बसवेना, म्हणून त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "साहेब, तुमी चाला. तुमी सांगसान त तिले पटन."

ती दारातच भेटली. आत या म्हणाली नाही. गणपतभाऊ म्हणाला, "कौसे, भाऊ उपाशी बसून राह्यला अन् तू घरात? काऊन?"

"मी नाई ओवाळत, भाऊ."

"अवं, तुले कोन काय म्हटलं? मी म्हटलं का काई?"

"तू नाई म्हटलं, हेच त." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुले ठावं होतं अन् तू बोलला नाई. मले शिव्या देल्या असत्या त मी आले असते."

मग मी पुढे झालो. तेच सगळं सांगितलं. औषध, पान, रस. "मावशी, यात हाताचा काय संबंध? तुम्ही चांगल्यासाठीच ठेवलंत ना?"

"चांगल्यासाठीच ठेवलं, साहेब," ती म्हणाली. "वाईट कराले गेले असते त चार झाडं तरी वाचली असती. चांगलं कराले गेले अन् वावर उजाड केलं. अशा हाताले काय म्हणावं, तुमीच सांगा. तुमी शिकले सवरलेले."

तिचं चुकलं नव्हतं, गणपतभाऊचं नाही, जिल्ह्याच्या साहेबांचं नाही, आणि कितीही उलटून पालटून पाहिलं तरी माझंही नाही. कोणाचं तरी चुकलं असतं तर भांडता आलं असतं, रागावता आलं असतं, माफी मागता आली असती. जो तो आपापल्या परीनं बरोबर वागला आणि त्यातून हे निघालं. म्हाताऱ्यांचं बोलणं तिनं इतकी वर्षं आत शिरू दिलं नव्हतं. आता ते शिरलं आणि आतल्या आत वाचलं जाऊ लागलं, आणि त्याच्या तोंडावर हात ठेवणारं कोणी राहिलं नव्हतं.

गणपतभाऊनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि तो मागे वळला. त्या संध्याकाळी तिनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं, असं शेजारणीनं सांगितलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया तसं करतात. लुगडं दुसऱ्या दिवशी गणपतभाऊच्या खोपीत, त्याच खुंटीला अडकवलेलं सापडलं.

पुढची दोन-तीन वर्षं मी तिथेच होतो. गणपतभाऊची कपाशी पुढच्या साली खरंच आली, झकास आली. तो दर भाऊबीजेला तिच्या दारात जायचा आणि ती आतून म्हणायची, "सुखी राह्य, भाऊ." दार उघडायची नाही. गावात कोणाकडे काही मागायला जाणं तिनं सोडलं, आणि कोणाला काही देणंही.

माझी बदली झाली तेव्हा मी तिचा निरोप घ्यायला गेलो. माझा पितळी डबा बऱ्याच दिवसांपासून तिच्याकडे राहिला होता. आत जाऊन तिनं तो आणून दिला. चिंचेनं घासलेला, सोन्यासारखा. मी हातात घेतला आणि तो हलका लागला. त्या मुलखात इतकी वर्षं फिरलो, पण कोणाच्या घरून रिकामा डबा मला कधी मिळाला नव्हता.

मी उगाच हसत म्हटलं, "मावशी, या खेपेला चटणी नाही?"

तिनं माझ्या हातातला डबा उघडला आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली.

"तीन पान्यानं धुतला, साहेब," ती म्हणाली. "वास घेऊन पाहा."